कस्टर्डमध्ये मीठ का घातलं, याचा खुलासा

ती. ताईंना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (या घरात सध्या दोन्ही हात नीट जोडता येणारा माणूस मी एकटाच, तेव्हा हा नमस्कार दोघांच्या वतीने समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? साडूभाऊंचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसल्यास त्यांना सांगा की खोकताना बरगडीवर हात दाबून धरावा. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडून आलेली माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. (घाबरवायचा हेतू नाही. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत काढलेल्या माणसाची विचारपूस हाडांपासूनच सुरू होते, त्याला इलाज नाही.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो.

तुमचं पत्र मिळालं. चार पानांतली तीन पानं डॉक्टरांवर आहेत आणि ती वाचून मलाच त्या माणसाची दया आली. शेवटच्या पानावर तुम्ही लिहिता की हॉस्पिटलला द्यायचा तक्रारअर्ज तयार आहे, आणि येत्या रविवारी तुम्ही मोठी पेटी घेऊन येणार व बहिणीला तीन महिन्यांसाठी घेऊन जाणार, कारण ‘तिथे तिच्या हाताकडे बघायला कुणी नाही’. ताई, हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. गेले दोन महिने मी तिच्या हाताकडे बघण्याशिवाय दुसरं काहीही केलेलं नाही. पण फोनवर हे बोलता येत नाही, कारण घर दोन खोल्यांचं आणि तुमच्या बहिणीचे कान चार खोल्यांचे. म्हणून हे पत्र. ते केकबद्दल आहे. केकचा तुमच्या पेटीशी काय संबंध, असं तुम्हाला मध्येच वाटेल, तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आधी हाताची हकीगत, म्हणजे तुमच्या मनात शंका नको. पडदे काढायला स्टुलावर चढली, स्टूल डगमगलं, उजवं मनगट मोडलं, हे तुम्हाला माहीत आहेच. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघाल्याला आज तीन आठवडे झाले. हाड सुरेख जुळलं आहे, फोटोत तर मोडलं होतं कुठे ते शोधावं लागतं. बोटं मात्र मिटत नाहीत. प्लास्टर काढलं तेव्हा तिने तो हात उलटासुलटा करून पाहिला, ‘हा माझा नाही,’ म्हणाली, आणि शालीखाली घातला. तो तिथेच आहे. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण आठवड्यातून दोनदा येते (पोरसवदा आहे, पण आवाज हवालदाराचा), कोमट पाण्यात हात बुडवा, हा मऊ चेंडू दाबा, असं सांगून जाते. चेंडू कपाटाखाली गेला आहे. मी दोनदा काढून दिला, दोन्ही वेळा तो आपणहून परत गेला. स्वयंपाकघरात तुमच्या बहिणीने पाऊल टाकलेलं नाही. मी करतो ते जेवण ती निमूटपणे, एक शब्द न बोलता जेवते, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते तुम्ही ओळखालच.

आता तिची ती रीत तुम्हाला आठवत असेल. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी एकदा घरी येऊन सांगितलं होतं की प्लास्टर कापल्यावर माणूस आपल्याच हाताकडे परक्यासारखा बघतो. हात बारीक झालेला, फिका पडलेला, खपल्या धरलेला, कुणा दुसऱ्याचा चुकून आपल्याला मिळावा तसा. मी कामावरची गंमत म्हणून सांगितलं. तिने ते मनावर घेतलं. इतक्या दिवसांनी घरी आलेल्याचं कुणी काही करायला नको का, म्हणाली. तेव्हापासून ओळखीत कुणाचंही प्लास्टर निघालं की त्या घरी तिचा फळांचा आणि कस्टर्डचा केक जातो. वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचं कोपर झालं, टपालवाल्याचा घोटा झाला, समोरच्या शाळेतल्या कवायतीच्या बाईंची करंगळी झाली. (करंगळीलाही अख्खा केक. अर्धा पुरेल, असं मी म्हणालो होतो, त्यावर दोन दिवस अबोला होता.) आणि तिचा स्वतःचा हात बाहेर आला तेव्हा मात्र आमच्या घरी केक आला नाही, कारण केक करणारा हात तोच. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला अठरा दिवस लागले. शिरली तेव्हा मी दाढी करत होतो. तसाच अर्ध्या दाढीने अंडी आणायला गेलो.

कृती कुठेही लिहिलेली नाही. ती तुमच्या बहिणीच्या हातात आहे, म्हणजे सध्या शालीखाली. तिला विचारायची सोय नव्हती; विचारलं असतं तर ‘कशाला हवाय केक’ एवढंच ऐकायला मिळालं असतं. मी शिंपीकाकांकडे गेलो. त्यांनी तो केक चार वर्षांपूर्वी एकदाच खाल्ला होता, पण त्यांना सगळं पाठ होतं: खाली केक, मध्ये बोटभर कस्टर्ड, त्यावर नासपतीच्या फोडी एकीवर एक टेकवलेल्या, कडेने अर्धी कापलेली द्राक्षं, कापलेली बाजू वर. त्यांनी ते खडूने कापडावर काढूनही दिलं, मापांसकट. बाकीचं मी कस्टर्ड पावडरच्या डब्यामागे वाचलं. खरं सांगायचं तर मला मनातून काळजी नव्हती. पांढरी पावडर, पातळ पदार्थ, आणि ते घट्ट होण्याची वाट पाहणं, हे मी आयुष्यभर केलेलं काम. या बाबतीत मला कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही, असं मी आरशात बघून स्वतःला म्हणालोसुद्धा.

सोमवारी सकाळी ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसली होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि अंड्यांपासून सुरुवात केली. ताई, तुम्ही जन्मभर अंडी फेटली असतील, तेव्हा मी काय लिहितोय याचं तुम्हाला हसू येईल. पण अंड्यातला तो पांढरा भाग भांड्यात पडतो तेव्हा तो काहीच नसतो. त्याला रंग नाही, वास नाही, धड पाणीही नाही. मी ते तारांचं हत्यार घेऊन फेटायला लागलो. (मनगट माझं अजून चांगलं आहे.) पाच मिनिटांत त्याचा फेस झाला, दहा मिनिटांत भांडं भरलं, आणि मग मी हत्यार वर उचललं तर त्याला एक टोक आलं आणि ते टोक तसंच उभं राहिलं. दोन अंड्यांतून एवढं सगळं आलं. मी भांड्याखाली वाकून पाहिलं, कुठून आणखी काही गेलं की काय म्हणून. मग भांडं उलटं करून पाहिलं, पडतं का ते. पडलं नाही. मी ते डोक्यावर धरून स्वयंपाकघरात एक फेरी मारली, हे मात्र तुमच्यापाशीच असू द्या.

कस्टर्डमध्ये मात्र माझी अक्कल आडवी आली. प्लास्टरचं पाणी गरम असलं की प्लास्टर लवकर जमतं, म्हणून मी पावडर सरळ उकळत्या दुधात टाकली. त्या क्षणी तिचे गोळे झाले. थंड दुधात आधी कालवून घ्या, असं डब्यावर लिहिलं होतं, पण ते दुसऱ्या बाजूला होतं आणि त्या बाजूला किमतीची चिठ्ठी चिकटवली होती. गोळे चहाच्या गाळणीतून दाबून दाबून काढण्यात पाऊण तास गेला. तरी ते पातळच राहिलं. आता आमच्या खोलीत घाई असली की पाण्यात चिमूटभर मीठ टाकतात, त्याने प्लास्टर झटक्यात जमतं. हे पुस्तकात सापडणार नाही, हे हाताखालून गेलेलं ज्ञान आहे. मी मीठ टाकलं. थोडा थांबलो, फरक दिसेना, म्हणून पुन्हा टाकलं. मग भांडं खाली उतरवलं आणि त्याला तळहात लावून बसलो. प्लास्टर जमायला लागलं की आतून तापतं, ताई. ती ऊब हाताला लागली की समजायचं, आता हे धरणार. मी त्या उबेची वाट पाहत अर्धा तास बसलो. भांडं निवत गेलं. पार गार झालं. माझ्या हातून एक कस्टर्डही होत नाही असं वाटून मी अगदी खचलो, चमचा घातला आणि ओतून टाकायला उठलो. चमचा उभा राहिला.

ते जमलं होतं. गुपचूप, न तापता, मला न सांगता. वरून बोट फिरवलं तर हलकं थरथरलं आणि पुन्हा जागेवर आलं. एकतीस वर्षं मी जे जे जमताना पाहिलं ते तापून जमलं आणि दगड झालं. हे निवून जमलं होतं आणि मऊ राहिलं होतं. मी खरोखर हात जोडले. (कस्टर्डला. तिथे दुसरं कोणी नव्हतं.) माझी बायको वर्षानुवर्षं, बाहेरच्या खोलीत मी पेपर वाचत असताना, भिंतीपलीकडे हे करत होती आणि मी एकदाही उठून पाहायला गेलो नव्हतो, याची मला लाज वाटली. तिथेच पातेल्यासमोर वाटली.

केक भट्टीत गेला. आमच्या ओव्हनचं दार नीट लागत नाही, त्याला बाहेरून स्टूल टेकवावं लागतं. (तेच स्टूल. टाकून देऊ म्हणालो होतो, पण मग ओव्हनला काय टेकवणार.) मी जमिनीवर बसून काचेतून बघत राहिलो. तो फुगला. मध्यभागी वर आला, त्यावर एक भेग पडली, भेगेतून वाफ निघाली. किती वेळ ठेवायचा हे शिंपीकाकांना माहीत नव्हतं, म्हणून मी माझ्या पद्धतीने तपासत गेलो, म्हणजे बोटाच्या पेराने वाजवून. चांगलं वाळलेलं प्लास्टर टणक आवाज देतं. केक भद्द वाजत होता, म्हणून ठेवत गेलो. दीड तासाने त्याने खणखणीत आवाज दिला आणि मी समाधानाने बाहेर काढला. वरून तो पायाला बांधून माणसाला चालवता आलं असतं असा झाला होता. सुरी लागेना. दुसरी सुरी वाकली. शेवटी मी कपाटातून माझी प्लास्टर कापायची कात्री काढली, निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून दिलेली. ती धुऊन घेतली (हेही लिहून ठेवतो, म्हणजे तुम्हाला शंका नको) आणि कडेने केक कापायला लागलो.

त्या कात्रीचा एक आवाज आहे. करकर नाही, कचकच नाही, सुक्या चुन्यातून दात चालल्यासारखा एक आवाज. तो तुमच्या बहिणीने प्लास्टरच्या खोलीबाहेर माझी वाट बघत बसून शेकडो वेळा ऐकला आहे. मी तिसरा कट घेत होतो आणि दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी होती. कोणाचं काय काढताय, असं तिने विचारलं. मग तिने ओट्याकडे पाहिलं, गाळणीकडे, कापडावरच्या खडूच्या चित्राकडे, वाकलेल्या सुरीकडे, आणि केकमध्ये रुतलेल्या कात्रीकडे. मला वाटलं आता रडेल, किंवा मी तरी. तिने डाव्या हाताने पातेल्यातलं थोडं कस्टर्ड काढून जिभेवर ठेवलं.

“मीठ का घातलंत?”

“लवकर जमावं म्हणून.”

“अहो, हाड नाहीये ते,” ती म्हणाली, आणि हसायला लागली. दोन महिन्यांनी हसली, ताई. इतकी की स्टूल ओढून बसावं लागलं, आणि स्टूल काढल्यावर ओव्हनचं दार धाडकन उघडलं, त्यावर पुन्हा हसली.

मग मला बाजूला व्हायला सांगून तिने दूध तापत ठेवायला लावलं. पावडर थंड दुधात मला कालवायला लावली, तीही तिच्या मनासारखी होईना. डाव्या हाताने ढवळून पाहिलं, डावा हात भांड्याच्या कडेलाच आपटत होता. कस्टर्ड खाली लागायला आलं. आणि मग, मी शपथेवर सांगतो, तिने काही ठरवलं नाही, विचार केला नाही. शाल खांद्यावरून गळली, उजवा हात पुढे आला आणि त्याने लाकडी चमचा धरला. धरला म्हणजे बोटं नुसती त्याला टेकली. भांड्याची वाफ हातावर येत होती. एक फेरा झाला, दुसरा झाला. करंगळी आधी वळली, मग तिच्या शेजारची. आयुष्यात मी हजारो हाडं धरून ठेवली, पण धरून ठेवण्यापलीकडे माझं काही काम नव्हतं. जे जुळायचं ते प्लास्टरच्या आत, माझ्या नजरेआड जुळायचं. डोळ्यांसमोर असं काही परत येताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी श्वासही जपून घेत होतो. तिचं लक्ष सगळं कस्टर्डवर होतं. मला म्हणाली, असे पुतळ्यासारखे उभे राहू नका, नासपती चिरा.

दुसरा केक जरासा तिरका झाला. फोडी शिंपीकाकांच्या चित्राप्रमाणे लागल्या नाहीत, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे ते चित्रच चूक होतं. आम्ही दोघांनी तो ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. चव कशी होती ते मला लिहिता येणार नाही. मी एवढंच म्हणेन की तिसऱ्या घासाला मी बोलायचं बंद केलं, आणि ते या घरात फारसं घडत नाही. काल डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बोटं मोजली, वाकवली, काय केलंत म्हणून विचारलं, आणि सगळं ऐकून हवालदारी आवाजात हुकूम सोडला की चेंडू राहू दे, आठवड्याला दोन केक करा. शिंपीकाकांनी आपल्या पँटची कंबर आधीच सैल करून ठेवली आहे.

तेव्हा ताई, रविवारी जरूर या. पेटी न आणता या. साडूभाऊंनाही आणा, त्यांची बरगडी बघून घेईन.

तुमच्या बहिणीचा नवरा,
(तुम्ही म्हणता तो) प्लास्टरवाला

ता. क. तो तक्रारअर्ज पाठवू नका. पाठवायला काढला असेल तर फाडून टाका. डॉक्टरांचा काही दोष नाही. त्या दिवशी प्लास्टर डॉक्टरांनी घातलंच नव्हतं, मी घातलं. तिथे आता माझ्या हाताखाली शिकलेला माणूस आहे, त्याला मी म्हटलं, सरक, ही माझी आहे. मनगटाचं प्लास्टर बोटांच्या गाठींच्या अलीकडे थांबवायचं असतं, म्हणजे बोटं हलती राहतात. हे मी एकतीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला ओरडून शिकवलं. आणि तिच्या हाताला मी ते गाठींच्या पुढे नेलं. हात पुन्हा हलू नये, दुखू नये, एवढंच मनात होतं. एक थर जास्त, दोन बोटं पुढे. डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून ते गप्प बसले. बोटं आखडली ती माझ्यामुळे. हे तिला माहीत नाही. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आधी एवढी पानं केकवर घालवली.

ता. क. २. सात वर्षांपूर्वी तळ निघणारं केकचं भांडं तुम्ही ‘आठवड्यासाठी’ नेलं होतं. ते आणावं.

[इथून पुढे अक्षर मोठं, वाकडं, ओळी सोडून खाली उतरणारं.]

ताई,
हे तिकिटं आणायला गेलेत. पाकीट उघडंच ठेवून गेलेत, म्हणून वाचलं. गाठींवर प्लास्टर आलंय ते मला त्याच दिवशी कळलं होतं. यांची इतकी प्लास्टरं मी बघितली आहेत. पण त्या दिवशी यांचे हात थरथरत होते. ते मी कधीच बघितलं नव्हतं. म्हणून बोलले नाही. यांना सांगू नको. मीठ दोनदा नाही, तीनदा घातलं होतं. रविवारी ये. भांडं आण. एवढं लिहायला पाऊण तास लागला. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.